जहाज नावाने शोधू नका : कोळसा मागवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपला कोळसा मुंबई बंदराबाहेर जहाजातून बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकांमध्ये, उतरून धरमतर खाडीत येतो, हे आपणांस ठाऊकच आहे. अलीकडे मात्र आम्हाला रोज एकच तक्रार ऐकावी लागते, ती अशी की मोबाइलवरच्या जहाजांच्या नकाशावर जहाज मुंबईला आलेले दिसते आणि आम्ही, माल सोडवून देणारे एजंट, अजून चार दिवस लागतील असे सांगतो. बहुतेक वेळा मोबाइल खोटा नसतो आणि आम्हीही नसतो. ग्राहकाने पाहिलेले जहाजच दुसरे असते.

एकाच नावाची अनेक जहाजे समुद्रावर असतात आणि जहाज विकले गेले की नावही बदलते. ध्वज बदलला तर नऊ अंकी एमएमएसआय, म्हणजे जहाजाच्या रेडिओ यंत्रणेचा क्रमांकसुद्धा बदलतो. सात अंकी आयएमओ, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक तेवढा जहाज भंगारात निघेपर्यंत कायम राहतो. फोनवर ऐकून लिहिलेला क्रमांक बरोबर आहे का, हे कागदावर पडताळता येते. उदाहरणार्थ 9074729 या क्रमांकाच्या पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे 7, 6, 5, 4, 3 आणि 2 ने गुणून बेरीज केल्यास 139 येते, आणि त्यातला शेवटचा 9 हाच क्रमांकाचा सातवा अंक असतो. मागे एका ग्राहकाने नाव जुळते एवढ्यावरून रात्रीच 14 ट्रक जेट्टीवर पाठवले. नांगरलेले ते जहाज कंटेनरचे निघाले आणि ट्रक रिकामे परतले.

क्रमांक बरोबर असला तरी पडद्यावरच्या पोहोचण्याच्या तारखेवर विसंबू नये. जहाजाचे स्थान आणि वेग जहाजावरची यंत्रणा आपोआप पाठवते, परंतु पुढचे बंदर, तारीख आणि जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे हे जहाजावरील अधिकारी हाताने भरतात, त्यामुळे कित्येकदा तेथे मागच्याच सफरीची नोंद राहून गेलेली असते. शिवाय किनाऱ्यावरील केंद्रांना हे संदेश काही डझन सागरी मैलांपर्यंतच मिळतात, म्हणून इंडोनेशियातील कालिमंतान सोडलेले जहाज फुकटच्या नकाशावरून काही दिवस नाहीसे झाले तर घाबरून फोन करण्याचे कारण नाही.

तपशिलात डेडवेट, म्हणजे जहाज एकूण वाहू शकते ते वजन, 56,000 टन दिसले म्हणजे तेवढा कोळसा आला असे नव्हे. त्या आकड्यात इंधन, पाणी आणि सामानसुमानही धरलेले असते. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची बाब क्रेनची आहे. सुप्रामॅक्स या मध्यम आकाराच्या जहाजावर सहसा स्वतःच्या चार क्रेन असतात, तर त्याहून मोठ्या पॅनामॅक्सवर बहुधा एकही नसते आणि तेव्हा तरंगत्या क्रेनची पाळी लागेपर्यंत थांबावे लागते.

जहाज नांगरून माल उतरवण्यास जहाज तयार असल्याची कप्तानाची नोटीस हाती येईपर्यंत आम्ही ट्रकची तारीख देत नाही, यावरून आम्हाला संथ म्हटले जाते. पण त्यानंतरही बार्जला भरती पाहूनच खाडीत शिरावे लागते, आणि उभ्या ट्रकचे भाडे आपल्यालाच पडते. ज्यांचे क्लिअरिंगचे, म्हणजे बंदरातून माल सोडवण्याचे, काम आमच्याकडे आहे, त्यांना आयएमओ क्रमांकासह जहाजाचे स्थान रोज सकाळी 10 वाजता संदेशाने कळवले जाते. त्याचे वेगळे शुल्क नाही. ट्रकही आमच्याकडूनच लावून घेतल्यास तारीख पुढेमागे झाल्याची धावपळ आम्ही करतो.