तर्री, चमचा आणि समुद्रातलं तेल

मे महिन्याच्या शेवटी दिवेआगरला अनवाणी फिरून आलो तर तळव्याला काळाकुट्ट चिकट गोळा. साबणाने तो हलेना. शेवटी खोबरेल चोळून जुन्या फडक्याने खरवडून काढला. शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही हो, परत आणून टाकतो."

हा डांबरगोळा म्हणजे खनिज तेलच. त्यातला हलका भाग हवेत उडून जातो, उरलेलं तेल लाटांनी घुसळून निघतं, पाणी शोषतं, घट्ट होतं. मग नैऋत्येचा वारा ते कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ढकलतो. जहाजांच्या टाक्यांचं धुवण, गळत्या, अपघात, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आपण पुणेकर समुद्रापासून दूर असलो तरी या व्यवहाराबाहेर नाही. आपलं पेट्रोल-डिझेल मुंबईहून घाट चढून पाइपलाइनने लोणी काळभोरच्या डेपोत येतं.

तेल सांडल्याची बातमी आली की टीव्हीवर पाण्यावर तरंगणारं नारिंगी कुंपण दिसतं. त्याला बूम म्हणतात. वर हवा किंवा फोम भरलेली नळी, खाली पाण्यात लोंबणारा पडदा. कुंपण पडलं की तेल अडलं, असं आपल्याला वाटतं. ते का अडत नाही, हे मला मिसळ खाताना नीट कळलं.

सॅम्पलची वाटी घ्या. वर तर्रीचा लाल थर असतो. चमचा उभा धरून तो थर हळूहळू पुढे सारा. तर्री चमच्यापुढे गोळा होते. आता तोच चमचा झटक्यात ओढा. तर्री चमच्याखालून निसटते आणि मागे पुन्हा वर येते. समुद्रात हेच घडतं. बूमवर काटकोनात येणाऱ्या पाण्याचा वेग साधारण 0.7 नॉटच्या, म्हणजे तासाला सव्वा किलोमीटरच्या वर गेला की तेल खालून सुटू लागतं. आपण रमतगमत चालतो त्याहूनही हा वेग कमी आहे.

असं का होतं? बूमपुढे साचलेला तेलाचा थर जवळपास थांबलेला असतो आणि त्याच्या खालून पाणी धावत असतं. दोन थरांच्या वेगात असा फरक पडला की मधल्या सीमेवर लाटा उठतात. याला केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता म्हणतात. कधीकधी ढगांच्या कडेला ओळीने उसळलेल्या लाटा दिसतात, त्यामागेही हीच असते. तेल पाण्यापेक्षा जेमतेम 10-15 टक्के हलकं, त्यामुळे लाट उठली की तिला पुन्हा सपाट करणारा जोर क्षीण पडतो. लाटेचा शेंडा फाटतो, थेंब सुटतात आणि वर तरंगायला वेळ मिळण्याआधीच पडद्याखालून वाहून जातात. पडदा जास्त खोल केला तरी हे थांबत नाही, कारण थेंब तुटतात ते बूमच्या अलीकडे, थराच्या पुढच्या टोकाशी.

उपाय कोनात आहे. चमचा तिरका धरा, तर्री त्याच्या कडेने घसरत वाटीच्या काठाला जाते. प्रवाह 1.4 नॉट असेल तर बूम प्रवाहाशी 30 अंशांत लावायचा: 30 अंशांची साइन अर्धी, म्हणून बूमवर काटकोनात येणारा वेग 0.7 नॉटच उरतो. तेल काठाच्या संथ कोपऱ्यात जमतं आणि तिथे स्किमर नावाचं यंत्र ते उपसतं. उघड्या समुद्रात दोन बोटी बूम ओढतात तेव्हाही पाण्याच्या तुलनेत त्यांना याच मंद गतीने जावं लागतं.

"तेल खाणारे जिवाणू" या जादूच्या पावडरीबद्दल जे मेसेज फिरतात, त्यांवर कृपा करून विश्वास ठेवू नका. असे जिवाणू समुद्रात मुळातच असतात. पण त्यांना ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस लागतो आणि वेळ लागतो तो आठवड्या-महिन्यांचा. डांबरासारखा जड भाग त्यांनाही सहजी पचत नाही.

म्हणून सांडण्याआधीचं काम मोलाचं. पाइपलाइनमधून 'पिग' नावाचं यंत्र सोडून गंजलेली, पातळ झालेली जागा शोधतात. तेलविहिरीच्या तोंडावर ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवतात, त्यातली पाती अखेरच्या क्षणी नळी कापून विहीर बंद करतात. 20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला, तेव्हा आतली नळी वाकून एका बाजूला सरकली होती आणि पाती ती पूर्ण कापू शकली नाहीत. 11 माणसं गेली, तेल 87 दिवस वाहिलं.

त्याच वर्षी 7 ऑगस्टला मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली. सुमारे 800 टन तेल, तेही ऐन पावसाळ्यात. ते खारफुटीत शिरलं. खारफुटीची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्या छिद्रांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं. त्या चिखलात पाय घातला तर तेल आणखी खोल दाबलं जातं.

अशा खाडीच्या तोंडाशी बूम कुठल्या कोनात लावायचा हे तेल आल्यावर ठरवायला वेळ नसतो. भरती-ओहोटीला तिथलं पाणी किती वेगाने, कुठल्या दिशेला जातं हे आधीच ठाऊक हवं. आपल्या खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींमध्ये पाणी खेळवून हेच प्रवाह अभ्यासतात.