कोल्हापूर शहरातील प्रसारमाध्यमे

२०११ च्या जनगणनेनुसार ५,४९,२३६ लोकवस्तीच्या कोल्हापूर शहरातील वृत्तपत्रे, चित्रपटनिर्मिती, नभोवाणी, केबल वाहिन्या आणि चौकाचौकांतील फलक यांचा विचार या नोंदीत केला आहे. मुंबई-पुण्याच्या तुलनेत शहर लहान, पण वर्तमानपत्रांचा जोर मोठा. येथील वर्तमानपत्र शहराच्या भांडणात आणि आंदोलनात स्वतः उतरते. वाचकाचीही तशीच अपेक्षा असते.

छापील शब्दाशी शहराचा संबंध जुना आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. मात्र कोल्हापूरची देशभर गाजलेली पहिली बातमी छापली गेली पुण्यात. छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असल्याचा आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी प्रसिद्ध केला. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारे लिहिले होते तो बनावट ठरला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ‘कोल्हापूर प्रकरण’ या नावाने ही घटना मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात कायमची नोंदली गेली.

वृत्तपत्राची ताकद राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी ओळखली होती. त्यांच्या सामाजिक धोरणावर तुटून पडणारी पत्रे कमी नव्हती, त्यामुळे बहुजन समाजाची बाजू मांडणाऱ्या पत्रांना त्यांनी हात सैल सोडून मदत केली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानातील माणगावच्या परिषदेत दोघे एका व्यासपीठावर आले. या वातावरणातच पुढची कोल्हापुरी पत्रकारिता घडली. खंडेराव बागल यांचे ‘हंटर’ आणि बाळासाहेब पाटील यांचे ‘सत्यवादी’ ही सत्यशोधकी वळणाची पत्रे १९२० च्या दशकातली. ग. गो. जाधव यांनी ‘पुढारी’ हे आधी साप्ताहिक म्हणून काढले व १९३९ मध्ये ते दैनिक केले. दक्षिण महाराष्ट्रात त्याचा जो विस्तार झाला, त्याचे मूळ मला या सत्यशोधकी पेरणीत दिसते. खेड्यातला शेतकरी हा आपला वाचक आहे, हे या पत्राने सुरुवातीपासून धरून ठेवले. साखर कारखान्याचा दर, गुळाचे सौदे आणि दूध संघाचे राजकारण या बातम्या येथे पहिल्या पानावर येतात त्या त्यामुळेच.

पुण्याच्या ‘सकाळ’ने १९८० मध्ये कोल्हापूर आवृत्ती काढली आणि चुरस सुरू झाली. पुढे ‘लोकमत’ही आले, बेळगावचा ‘तरुण भारत’ही येथे वाचला जातो. स्पर्धेचा फायदा तालुक्याच्या गावांना झाला. ज्या गावाचे नाव पूर्वी जत्रेपुरते छापून येई, तिथे वार्ताहर नेमला गेला. टोलविरोधी आंदोलन असो की उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची अनेक दशकांची मागणी, दैनिकांनी बातमी देऊन हात झटकले नाहीत. मोर्चाची वेळ, जमण्याचे ठिकाण आणि दुसऱ्या दिवशी पानभर छायाचित्रे हे सारे ठरलेले असे. टोल गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले. इतक्या जवळिकीची किंमतही असते. ज्या आंदोलनात आपण स्वतः उभे आहोत, त्यातल्या चुका लिहिताना हात आखडतो. स्थानिक नेते, कारखाने व शिक्षणसंस्था यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या पानांनाही हे लागू आहे.

अंक घरी पोहोचतो तो विक्रेत्याच्या ‘लाइनी’वर, म्हणजे ठरलेल्या घरांच्या फेरीवर. पहाटे अंधारात फुटपाथवर गठ्ठे सुटतात, मांडी घालून बसलेली पोरे एकात एक पुरवण्या घालतात, शाईने बोटे काळी होतात. ओल्या पावसात अंक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला आवळले जातात. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत एक अंक तालमीच्या कट्ट्यावर पडतो आणि दुपारपर्यंत त्याची पाने वेगवेगळ्या हातांत गेलेली असतात.

चित्रपटाच्या बाबतीत कोल्हापूर अग्रणी होते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ रोजी येथेच स्थापन झाली आणि ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट तिने १९३२ मध्ये कोल्हापुरात तयार केला. पुढच्याच वर्षी ती पुण्याला गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ मात्र इथेच राहिला, १९४८ च्या जाळपोळीतून पुन्हा उभा राहिला. बाबूराव मुळात चित्रकार. आपल्या चित्रपटांची चित्रमय पोस्टर्स ते स्वतः रंगवत. शहरातल्या पेंटर मंडळींनी पुढे कित्येक दशके फलक रंगवले, त्या परंपरेत मला हाच हात ओळखू येतो. आज ती जागा फ्लेक्सने घेतली आहे. नाटकाच्या अंगाने पाहता १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, हे शहराचे मोठे व्यासपीठ. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळाले, तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते.

नभोवाणीत आकाशवाणीचे कोल्हापूर केंद्र आणि ‘टोमॅटो एफएम’, ‘रेडिओ मिर्ची’ यांसारखी खासगी केंद्रे आहेत. खासगी केंद्रांनी ‘काय भावा’ आणि ‘नाद खुळा’ ही बोली माइकवर आणली. केबलवरील स्थानिक वाहिन्या फुटबॉलचे सामने, गणेश विसर्जन आणि महापालिकेच्या सभा दाखवतात.

या सर्वांच्या आधी चौक आहे. बिंदू चौकातली सभा ही कित्येक वर्षे निवडणुकीच्या वाऱ्याची खूण मानली गेली. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या डफावर जे ऐकले, ते दुसऱ्या दिवशी घरोघरी पाठ झालेले असे. खासबाग मैदानात आजही हलगी आणि ध्वनिक्षेपकावरचा निवेदक कुस्तीइतकेच लोकांना खेचतात. फुटबॉलच्या हंगामात, ज्यांचे संघ मैदानात उतरतात त्या तालमींचे फलक एकमेकांना उत्तर देतात.

मोबाइलने या चौकाला भिंती उरू दिल्या नाहीत. ७ जून २०२३ रोजी व्हॉट्सॲप स्टेटसवरून शहरात दंगल उसळली व इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या शहरात हे घडले, याची वेदना अजून गेलेली नाही. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठाची माधुरी हत्तीण गुजरातेतील ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात हलवली गेली. तेव्हा याच मोबाइलवरून गावोगाव निरोप गेले आणि लोकांनी त्या केंद्रामागच्या उद्योगसमूहाच्या मोबाइल कंपनीची सिमकार्डे बदलून निषेध नोंदवला.

संदेशवहनाची खरी परीक्षा दर पावसाळ्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट-इंचांत मोजतात : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. ‘तीन नंबर उघडला’ एवढे तीन शब्द फोनवर आले, की नदीकाठची माणसे धान्याची पोती माळ्यावर चढवू लागतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग बुडाला, पंपिंग स्टेशने पाण्याखाली गेली, वीज गेली आणि तिच्यामागोमाग फोनही. जिथे आकडा पोहोचत नव्हता तिथे ठिकाण सांगितले जाई : ‘पाणी जामदार क्लबला आलंय.’ जुनी माणसे आजही फुटांत बोलत नाहीत. कुठल्या वर्षी पाणी कुठल्या पायरीला लागले होते, हे ती सांगतात, आणि ऐकणारा त्यावरून घर सोडायचे की थांबायचे हे ठरवतो.