भरतीची वेळ आणि टूलचं पान

मालवण तालुक्यात खाडीत होडी ठेवणाऱ्याला भरतीची वेळ चुकून चालत नाही. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते. पाणी पुरेसं चढल्याशिवाय होडी तिच्यावरून पार होत नाही. गेल्या हंगामात मी वाडीतल्या मच्छीमारांसाठी एक छोटा एआय एजंट बांधला. मराठीत विचारायचं, एजंट भरती-ओहोटीच्या वेळा देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेकडून माहिती आणणार आणि उत्तर देणार. पहिल्याच दिवशी शेजारच्या तांडेलकाकांनी मोबाइलवर भरतीची वेळ वाचली आणि मान हलवली, "अरे, ह्या वेळाक तर सुकती असता."

काकांचं बरोबर होतं. ती सेवा वेळा जागतिक प्रमाणवेळेत देत होती आणि आपलं घड्याळ त्याच्या 5 तास 30 मिनिटं पुढे. भरती आणि ओहोटीत अंतर साधारण सव्वासहा तासांचं. त्यामुळे एजंट जवळजवळ ओहोटीच्या वेळेलाच भरती सांगत होता. एजंट वापरतो त्या सेवेला टूल म्हणतात, आणि ते कसं वापरायचं हे सांगणारा मजकूर म्हणजे टूलचं पान. त्या पानावर वेळेच्या खान्यापुढे फक्त 'टाइम, स्ट्रिंग' (वेळ, अक्षरांच्या रूपात) एवढंच होतं. माणसाने कुणाला तरी फोन करून विचारलं असतं; एजंटाने गृहीत धरलं आणि ठामपणे सांगून टाकलं. टूलचं पान चांगलं की वाईट हे ठरवायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. शोधायला गेलो तर तो पन्नास वर्षं जुना निघाला.

नोव्हेंबर 1971 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक प्रणालीचं पहिलं मॅन्युअल काढलं. प्रत्येक कमांडचं पान ठरलेल्या साच्यात: नाव, वापरायची रीत, वर्णन, आणि त्यात एक मथळा 'बग्ज'. साधन कुठे फसतं हे बनवणाऱ्यानेच लिहून ठेवायचं. त्या मॅन्युअलमधलं सर्वांत मोलाचं मला हेच वाटतं, आणि आजच्या टूलच्या पानांवर नेमकं हेच सापडत नाही.

पानाची पारख वापरणाऱ्याकडे बघून करायची, हे 1980 च्या दशकात आयबीएममधल्या जॉन कॅरोल यांनी दाखवलं. वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्यांना मॅन्युअल देऊन ते शेजारी बसून पाहत. लोक ओळीने वाचत नाहीत, थेट कामाला लागतात आणि अडले की पान उलटतात, हे त्यांना दिसलं. मग त्यांनी बरंच छोटं मॅन्युअल केलं, आणि त्यावर लोक लवकर शिकले.

2011 मध्ये स्वॅगर आलं, म्हणजे एपीआयचं (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या जोडणीचं) वर्णन लिहायचा ठरलेला साचा. 2016 पासून त्याला ओपनएपीआय म्हणतात. एपीआयचं वर्णन यंत्रालाही वाचता येऊ लागलं. पण या साच्यात पॅरामीटरचं, म्हणजे भरून द्यायच्या माहितीच्या खान्याचं, नाव सक्तीचं आणि वर्णन ऐच्छिक. शेवटी वाचणारा प्रोग्रामरच होता, म्हणून तेव्हा कुणाला खटकलं नाही.

2023 मध्ये वाचणाराच बदलला. जूनमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं: टूलचं नाव, दोन ओळींचं वर्णन आणि पॅरामीटर मॉडेलपुढे (एजंटाच्या मागे असलेल्या एआयपुढे) ठेवायचे, कुठलं टूल वापरायचं ते मॉडेल ठरवणार. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या गोरिला प्रकल्पाने मॉडेल अस्तित्वातच नसलेले एपीआय कॉल कसे रचतात ते मोजलं, आणि कॉल करताना डॉक्युमेंटेशन शोधून पुढ्यात ठेवलं तर बदललेल्या एपीआयशीही मॉडेल जुळवून घेतं हे दाखवलं. मॉडेल टूल कसं वापरतं हे तपासणाऱ्या टूलबेंच या संचाने तर 16,464 एपीआय गोळा केले. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आणला, म्हणजे मॉडेलला टूल जोडायची एक सामाईक रीत. आता कुणीही टूल जोडू शकतं, आणि म्हणून कुणीही अर्धवट पान लिहू शकतं.

पारखायची पद्धत सांगायला सोपी आहे. टूल तेच, प्रश्न तेच, मॉडेल तेच. फक्त पानावरचा मजकूर बदलायचा. मग योग्य टूल निवडलं का, पॅरामीटर बरोबर भरले का, किती कॉल वाया गेले, हे मोजायचं. एकाच फेरीवर भिस्त ठेवायची नाही, कारण मॉडेल दर वेळी तेच करेल असं नसतं. एक खाचखळगा मात्र मोठा आहे. प्रसिद्ध टूल मॉडेलने शिकतानाच वाचलेलं असतं, त्यामुळे पान भिकार असलं तरी काम निभावतं आणि पानाला फुकटचे गुण मिळतात. पानाचा खरा कस लागतो तो कुणाला माहीत नसलेल्या टूलवर. आमच्या खाडीसाठी बांधलेलं टूल कुठल्या मॉडेलने वाचलेलं असणार?

मी वर्णनात दोन वाक्यं घातली: वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे, भारतीय वेळेसाठी 5 तास 30 मिनिटं मिळवा. तेच प्रश्न पुन्हा विचारले, वेळा जुळल्या. काकांनी मग पाण्याच्या आकड्यावर बोट ठेवलं, "दीड मीटर, पण खयसून?" उंची सागरी नकाशाच्या शून्यापासून (सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीपासून) मोजली आहे की सरासरी समुद्रसपाटीपासून, हे त्या पानावर अजूनही नाही. सेवेला पत्र लिहिलं आहे. उत्तर येईपर्यंत एजंट फक्त वेळ सांगतो, उंची सांगत नाही.