ॲप-चालकांचा कायदेशीर दर्जा व कामगारहक्क (ठाणे–नवी मुंबई)

मोबाइल ॲपवरून मिळणाऱ्या भाड्यावर टॅक्सी, रिक्षा किंवा दुचाकी चालवून पोट भरणारा चालक कायद्याच्या नजरेत कोण आणि त्याच्या वाट्याला कोणते कामगारहक्क येतात, हा या नोंदीचा विषय आहे. भारतात आज तो कंपनीचा नोकर धरला जात नाही. किमान वेतन, भरपगारी रजा, ओव्हरटाइम, कामावरून काढण्यापूर्वीची नोटीस यांपैकी काहीही त्याला कंपनीकडे हक्काने मागता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली, तेव्हापासून ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ या नावांनी त्याला कायद्यात जागा मिळाली आणि विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांसाठीच्या योजनांना तो पात्र ठरला. ओळख मिळाली, पण अन्याय झाला तर दाद कुठे मागायची, हे अजून ठरलेले नाही.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या वसाहती, वागळे इस्टेट आणि स्टेशन, नवी मुंबईत ऐरोली–महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्या, वाशी, बेलापूर आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागलेला नवा विमानतळ, ही या धंद्याची मुख्य ठिकाणे. ठाणे पासिंगची, म्हणजे एमएच-०४ ची गाडी एका दिवसात तीन महापालिकांच्या हद्दी ओलांडते. मुंबईच्या वेशीवरील पाच नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोलमाफी झाली. ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे नाके त्यात आले, त्यामुळे रिकामी गाडी परत आणताना चालकाच्या खिशातून जाणारा टोल वाचला. अटल सेतूवर तो अजून भरावा लागतो. हद्दींचा त्रास कायद्यातही आहे. नवी मुंबई महापालिका ठाणे जिल्ह्यात आहे, तर खारघर, कामोठे, पनवेल आणि उलवे रायगडात. एकाच ॲपवर एकच काम करणाऱ्या दोन शेजाऱ्यांना तक्रारीसाठी दोन वेगळ्या जिल्ह्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

नोकर की स्वतंत्र धंदेवाला?

हा वाद ॲपपेक्षा फार जुना आहे. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली कच्छच्या रणाच्या कडेला मीठ पिकवणाऱ्या आगरियांना कामगार ठरवले. हे आगरिया हंगामी होते. त्यांना मोबदला पिकलेल्या मिठावर मिळे आणि मदतीला ते स्वतःची माणसे ठेवत. तरीही मीठ कसे पिकवायचे यावर कंपनीची प्रत्येक टप्प्यावर देखरेख होती, ही गोष्ट निर्णायक ठरली. ठाणे आणि उरण भागातल्या मिठागरांशी ज्यांच्या घराण्याचा संबंध आला आहे, त्यांना हा निकाल वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुढे १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात नगावर शिवणारे कारागीरही कामगार ठरले. ते इतर दुकानांचे काम घेऊ शकतात आणि दिवसभर बसण्याची त्यांच्यावर सक्ती नाही, एवढ्याने त्यांचा दर्जा जात नाही असे न्यायालयाने म्हटले. १९७८ च्या हुसेनभाई प्रकरणात न्यायालयाने कागदोपत्री मध्ये उभ्या असलेल्या कंत्राटदाराच्या पलीकडे पाहिले आणि कामगाराच्या पोटापाण्यावर प्रत्यक्षात कोणाचा ताबा आहे हे तपासले.

या कसोट्या ॲपला लावून पाहाव्यात. किती वाजता लॉगइन करायचे हे चालक ठरवतो. त्यापुढचे जवळजवळ सगळे कंपनी ठरवते. भाड्याचा दर तिचा, कोणते गिऱ्हाईक कोणाला द्यायचे हा निर्णय तिचा, रेटिंग तिचे, ट्रिप रद्द केल्याचा दंड तिचा आणि आयडी, म्हणजे चालकाचे ॲपवरचे खाते, चालू ठेवायची की बंद करायची हा अधिकारही तिचाच. कंपन्या सांगतात की आम्ही फक्त तंत्रज्ञान पुरवतो, चालक हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. स्वतःचा भाव स्वतः सांगू न शकणाऱ्या माणसाला स्वतंत्र व्यावसायिक म्हणणे पटणारे नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने ॲप-चालकांबाबत यावर अजून अंतिम निर्णय दिलेला नाही. ॲपवरील वाहतूक कामगारांच्या राष्ट्रीय महासंघाने २०२१ मध्ये याच मागणीसाठी याचिका दाखल केली. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये, लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यापुरते, टॅक्सी ॲपची कंपनी चालकाची मालक ठरते असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना कामगार ठरवले आणि किमान वेतन व भरपगारी सुट्टी मिळवून दिली. मात्र तिथल्या कायद्यात नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्यामध्ये ‘कामगार’ हा तिसरा वर्ग आधीपासून होता. आपल्याकडे तशी मधली पायरी नव्हती.

एक विरोधाभास सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याची गाडी पगारावर किंवा रोजावर चालवणाऱ्याला मालक असतो, तो म्हणजे गाडीचा धनी. कामावर असताना मुंब्रा बायपासवर अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी त्या धन्यावर येते. हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आले आहे आणि आता संहितेत सामावले आहे. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या हाती असतो तो सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, तोही हप्ता त्याने स्वतः भरलेला आणि मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वापुरता. पाय मोडून दोन महिने घरी बसावे लागले तर त्या दोन महिन्यांचे काय, याला उत्तर नाही. शिवाय गाडीचा धनी म्हणजे कोणी बडा शेठ असतो असे नाही. पुष्कळदा तो दिव्यात किंवा घणसोलीत राहणारा, एकाच गाडीचे कर्ज फेडणारा माणूस असतो. कायदा भरपाईसाठी त्याच्या दारी जातो आणि ज्या कंपनीच्या ट्रिपवर अपघात झाला ती बाजूला राहते.

आयडी बंद होणे

चालकांच्या बोलण्यात सगळ्यात धास्तीचा विषय भाड्याचा नसतो, आयडीचा असतो. प्रकार साधारण असा घडतो. माजिवड्याला सीएनजीच्या रांगेत तासभर काढून टाकी भरून घेतली, ॲप उघडले, तर पडद्यावर खाते स्थगित झाल्याची एक ओळ. खाली ‘मदत’ असे बटण. ते दाबले की ठरीव प्रश्न येतात आणि त्यांची ठरीव उत्तरे. प्रवाशाने तक्रार केली की चेहरा जुळला नाही, कागदाची मुदत संपली की रेटिंग घसरले, हे कळायला दिवस जातात. तक्रार खरी की खोटी हे सांगायची संधी मिळतेच असे नाही. गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो.

कारखान्यातल्या कामगाराला काढायचे तर आरोपपत्र, चौकशी आणि मग ठाण्याच्या कामगार न्यायालयात दाद, अशी वाट आहे. ॲप-चालक ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही म्हणून ती वाट त्याला बंद आहे. उरतो तो करारभंगाचा दिवाणी दावा. करारात लवादाची, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादापुढे न्यायची, अट असली की तोही दूर जातो. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात काम थांबवण्यापूर्वी लेखी कारणे आणि १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली. महाराष्ट्रात तशी तरतूद हवी, आणि कामगारांच्या कल्याणासाठीच्या निधीच्याही आधी हवी. कामच बंद पडले तर निधी कशाच्या जोरावर मागायचा?

सामाजिक सुरक्षा संहिता काय देते

संहितेने गिग कामगाराची व्याख्याच ‘पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर’ काम करणारा अशी केली आहे. म्हणजे योजनांचे दार उघडताना कामगारहक्कांचे दार त्याच वाक्यात लावून घेतले. कलम ११४ नुसार कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. त्यावर मर्यादा अशी की, ही रक्कम कामगारांना दिलेल्या किंवा देय पैशांच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ नये. सातव्या अनुसूचीत नऊ प्रकारचे प्लॅटफॉर्म दिले आहेत आणि प्रवासी वाहतूक त्यात पहिली आहे. डिसेंबर २०२५ अखेरच्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका कंपनीबरोबर ९० दिवस किंवा अनेक कंपन्यांबरोबर मिळून १२० दिवस कामाची अट सुचवली गेली. नोंदणी ई-श्रम पोर्टलवर, आधारशी जोडून होते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०–२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९–३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे.

परिवहन कायद्याची बाजू

चालकाचे काही हक्क कामगार खात्यातून नव्हे, तर आरटीओच्या वाटेने आले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ खाली ॲप कंपनीला राज्याचा परवाना सक्तीचा झाला. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावले, पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा मिळावा, ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा असावा. राज्यालाही स्वतःचे नियम करता येतात. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक ठाण्याच्याच ओवळा-माजिवडा मतदारसंघाचे आमदार आहेत, त्यामुळे इथल्या चालकांच्या अपेक्षा अधिकच आहेत. २०२५ मध्ये परिवहन विभागाने ॲप टॅक्सीसाठी किलोमीटरला २२.७२ रुपये मूळ दर धरला. जुलै २०२५ मध्ये दर आणि कमिशन यांसाठीच चालकांनी गाड्या बंद ठेवल्या होत्या.

८० टक्क्यांचा हिशेब नीट पाहायला हवा. समजा ५०० रुपयांचे भाडे झाले, तर ४०० चालकाचे. त्यातून सीएनजी, गाडीचा हप्ता, विमा, पासिंग, टायर, चलान. उलव्याच्या विमानतळावरून कासारवडवलीला प्रवासी सोडला आणि परतीचे भाडे मिळाले नाही, तर चाळीसेक किलोमीटर गाडी रिकामी मारावी लागते, आणि तोही खर्च याच ४०० मधला. अलीकडे काही ॲपांनी कमिशन सोडून रोजचे ठरावीक शुल्क घ्यायला सुरुवात केली आहे. चालकाला ते वरवर परवडते. पण भाड्यात हिस्साच घेत नाही म्हटल्यावर आम्ही केवळ सॉफ्टवेअर विकतो, हा कंपन्यांचा दावा अधिक पक्का होतो आणि ८० टक्क्यांचा नियमही लागू पडायला जागा राहत नाही.

दुचाकीवाल्याची अवस्था सर्वांत नाजूक आहे. राज्याने जुलै २०२५ मध्ये बाइक टॅक्सीचे नियम काढले, ते विजेवरच्या दुचाकींपुरते. पेट्रोलची, पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी भाड्याने फिरवताना कोणी तीन हात नाक्यावर सापडला, तर विनापरवाना वाहतुकीचा १०,००० रुपयांपर्यंतचा दंड त्याला आणि गाडी जप्त. विनापरवाना ॲप चालवणाऱ्या कंपनीला कलम १९३ खाली किमान २५,००० आणि कमाल १ लाख. महिन्याला जेमतेम १०,००० कमावणाऱ्या पोराला तेवढाच दंड आणि कंपनीला फार तर १ लाख, हे प्रमाण अन्यायाचे आहे.

माथाडी मंडळाचा दाखला

या सगळ्याला एक उत्तर नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात पन्नासहून अधिक वर्षांच्या अनुभवानिशी उभे आहे. माथाड्यालाही एक मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. काम नगावर, टोळीने. व्यापारी म्हणत, हे आमचे नोकर नाहीत, आणि अर्थ काढायला गेले तर ते खरेही होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने तो वाद घातलाच नाही. हक्क मालकाशी न बांधता कामाशी बांधला. कामगार, व्यापारी आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ, दोन्ही बाजूंची त्याच्याकडे नोंदणी, मजुरी मंडळात जमा आणि तिच्यावर व्यापाऱ्याने भरायची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. पाठीवर पोते वाहणाऱ्या माणसाला या कायद्याने कायमस्वरूपी नोकरदाराच्या जवळ नेऊन ठेवले. कोपरखैरणे आणि घणसोलीतल्या माथाडी कुटुंबांची पुढची पिढी शिकली ती या पैशावर. बोगस माथाडी आणि वसुलीच्या तक्रारी आहेत, मंडळांच्या कारभारावर टीकाही होते, पण रचनेचे मोल त्याने कमी होत नाही.

राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला गिग कामगार कायदा केला तो याच धर्तीवर, प्रत्येक व्यवहारावर शुल्क लावून. मागोमाग कर्नाटकाने केला, तिथे शुल्क १ ते ५ टक्के. जिथे ही कल्पना जन्मली त्या महाराष्ट्रात ॲप-चालकांसाठी असा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. बाजारात पावती आणि तोलाई हाताने लिहावी लागे. ॲपवर तर प्रत्येक ट्रिपचा पैसा त्या क्षणीच नोंदला जातो, तेव्हा लेव्ही कापणे माथाडी मंडळापेक्षा कितीतरी सोपे आहे.

तोवर चालकाने दोन गोष्टी करून ठेवाव्यात. ई-श्रमवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंद, आणि दर आठवड्याच्या कमाईचा तपशील ॲपमधून उतरवून स्वतःजवळ जपणे. ९० किंवा १२० दिवसांची अट पूर्ण झाली हे सिद्ध करायची वेळ आली, तर बाकी सगळी नोंद कंपनीच्याच सर्व्हरवर असते, आणि आयडी बंद झाली की त्या पानापर्यंत पोहोचता येत नाही.