व्हिडिओला डीपीआय दिसत नाही

"फोटो ३०० डीपीआयचे घेतले होते, तरी व्हिडिओत फाटतायत." हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य आता मीच म्हणून टाकतो: "मग कुणीतरी म्हणालं व्हिडिओला ७२ लागतो, म्हणून ७२ करून पाहिले." आणि मग एक तर काहीच फरक पडलेला नसतो, नाही तर फोटो आधीपेक्षा जास्त फाटलेले असतात. दोन्हींचं कारण एकच.

पिक्सेल तुम्हाला माहीत आहेत. फोटो आडवा ४०००, उभा ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजेच १२ मेगापिक्सेल. त्यात समजावण्यासारखं काही नाही. घोळ दुसऱ्या शब्दाचा आहे.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. (फोटोच्या बाबतीत पीपीआय, म्हणजे इंचाला पिक्सेल, म्हणायला हवं, ठिपके शाईचे असतात, वगैरे मला ठाऊक आहे, पण सगळे डीपीआयच म्हणतात, मीही म्हणतो.) या व्याख्येत लोक ठिपक्यांकडे बघतात आणि इंच विसरतात. कागदाला इंच असतात. एडिटिंगमध्ये फोटो आणि क्लिपा ओळीनं मांडतात त्या टाइमलाइनला नसतात. तोच व्हिडिओ तळहातावरच्या मोबाइलवर चालतो आणि भिंतभर प्रोजेक्टरवरही चालतो. त्यातल्या फोटोची रुंदी किती इंच, या प्रश्नाला काही उत्तरच नाही. म्हणून एडिटिंगचं सॉफ्टवेअर फक्त पिक्सेल मोजतं. डीपीआय ही फाइलच्या आत लिहिलेली एक चिठ्ठी आहे, छापणाऱ्यासाठी: "बाबा रे, इंचाला इतके पिक्सेल धर." बस्स.

विश्वास बसत नसेल तर पाच मिनिटं खर्च करा. ६००० × ४००० चा एक फोटो घ्या, फोटोशॉपमध्ये 'इमेज साइझ' उघडा आणि 'रीसॅम्पल'समोरची खूण काढा. रिझोल्यूशनच्या चौकोनात ३०० लिहिलंत की रुंदी दिसेल २० इंच. ७२ लिहिलंत की तीच रुंदी ८३ इंचांच्या वर जाईल. पिक्सेल मात्र दोन्ही वेळा ६००० × ४०००. दोन्ही प्रती टाइमलाइनवर एकावर एक ठेवा आणि वरची बंद-चालू करत राहा. केसभरही काही हलणार नाही.

आता तीच खूण ठेवून ३०० चं ७२ करा. या वेळी इंच २० च राहतात आणि पिक्सेल कापले जातात: १४४० × ९६०. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोचे दीड मेगापिक्सेलही उरले नाहीत, आणि करणाऱ्याला वाटतं आपण फक्त डीपीआय बदलला. "७२ केल्यावर फोटो बिघडला" म्हणणाऱ्यांचं नेमकं इथे होतं. बिघडवलं त्या खुणेनं, नाव झालं ७२ चं. उलटंही तसंच. खूण ठेवून १४४० च्या फोटोचा ७२ वरून ३०० केलात तर तो ६००० पिक्सेल रुंद होतो, पण नवे पिक्सेल सॉफ्टवेअरनं आजूबाजूचे रंग बघून अंदाजानं भरलेले असतात. फाइल फुगते, चेहरा होता तेवढाच स्पष्ट राहतो. गिम्प या फोटोच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये या दोन कामांना 'प्रिंट साइझ' आणि 'स्केल इमेज' अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. मला विचाराल तर तेच शहाणपणाचं. एका खुणेवर फोटोचं नशीब टांगून ठेवायचं कारण नाही.

आणि हा ७२ आला कुठून? छपाईत अक्षरं मोजायला एका इंचाचे ७२ पॉइंट धरतात. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरही इंचाला ७२ पिक्सेल होते, त्यामुळे पडद्यावरचं माप आणि कागदावरचं माप जुळायचं. पडदे केव्हाच बदलले. आकडा मात्र लोकांच्या तोंडून जात नाही.

मग बघायचं काय? फुल एचडी फ्रेम १९२० × १०८० ची, म्हणजे जेमतेम २० लाख ७३ हजार पिक्सेल. फोरके ३८४० × २१६०, त्याच्या चौपट. फोटो नुसता स्थिर दाखवायचा असेल तर फुल एचडीला मोबाइलचा कुठलाही बरा फोटो पुरून उरतो. प्रश्न येतो तो झूममध्ये. फोटोवर हळूहळू सरकत जाणं, ज्याला माहितीपट करणाऱ्या केन बर्न्सचं नाव चिकटलं आहे, ते घरगुती व्हिडिओत सगळ्यांनाच हवं असतं. तेव्हा अख्ख्या फोटोत किती पिक्सेल आहेत ते विचारू नका. झूम सर्वांत जवळ पोचतो त्या क्षणी फ्रेममध्ये किती उरतात ते विचारा. ४००० रुंदीच्या फोटोत शेवटी निम्मी रुंदी दाखवलीत तर २००० उरतात, १९२० ला पुरतात. पण त्याच ग्रुप फोटोत कोपऱ्यातल्या आजीच्या चेहऱ्यापर्यंत जायचं ठरवलंत आणि तेवढा भाग ८०० पिक्सेलचा असला, तर तो जवळजवळ अडीच पट ताणला जाईल आणि फाटेल. टाइमलाइन फोरकेची असेल तर ४००० च्या फोटोला झूम करायला जागाच नाही.

म्हणून माझा हिशेब: टाइमलाइनच्या दुप्पट रुंदी. फुल एचडीला ३८४०. त्याहून जास्त फक्त खोल झूम असलेल्या दोन-चार फोटोंना. "मग सरसकट मूळ फाइलीच टाकतो" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की जेपेग डिस्कवर ८ एमबीची असली तरी उघडल्यावर दर पिक्सेलला ४ बाइट लागतात. ६००० × ४००० चा एक फोटो मेमरीत ९६ एमबी खातो. असे दोनशे फोटो टाकले की मशीन रडायला लागतं. शिवाय फार मोठा फोटो लहान फ्रेममध्ये दाबला की जाळी, विटांची भिंत, बारीक चौकडीचा शर्ट हे सगळं सरकताना लुकलुकतं. लुकलुक दिसली तर फोटो आधीच लहान करून घ्या.

उभे फोटो: ३००० × ४००० चा फोटो पूर्ण दाखवला तर १९२० पैकी ८१० पिक्सेलच भरतात. उरलेल्या जागेत त्याच फोटोचा धूसर अवतार पसरवायची टूम मला अजिबात आवडत नाही. साधी काळी पट्टी ठेवा.

मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेले फोटो आधीच आकसलेले असतात. ते डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. आणि एडिटिंगला प्रीमियर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर 'स्केल टु फ्रेम साइझ'पासून लांब राहा. ती आज्ञा फोटो फ्रेमएवढाच करून टाकते, नंतर झूम केलात की जादाचे पिक्सेल हाती लागत नाहीत. तिच्या शेजारची 'सेट टु फ्रेम साइझ' (नव्या आवृत्त्यांत 'फिट टु फ्रेम') ही आज्ञा फक्त स्केलचा आकडा बदलते, ती चालेल.

डीपीआय खराखुरा कामाचा असतो तो स्कॅनरवर, कारण तिथे समोर मोजता येणारा कागद असतो. ६ × ४ इंचांची प्रिंट ३०० ला स्कॅन केली तर १८०० × १२००, म्हणजे फुल एचडीलाही थोडी कमीच. ६०० ला ३६०० × २४००, झूमसकट काम होतं. साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा जुना पासपोर्ट फोटो ३०० ला स्कॅन केलात तर हाती येतात फक्त ४१३ पिक्सेल. त्याला १२०० लावा. मूळ वस्तू जितकी लहान, तितका आकडा चढा. ३५ एमएमची निगेटिव्ह तर २४०० ला घ्यावी, तेव्हा कुठे ३४०० च्या आसपास रुंदी मिळते. आणि स्कॅनरची काच आधी पुसून घ्या, कारण १२०० ला धुळीचा कणही चेहऱ्यावरच्या तिळाएवढा दिसतो.