कळसूबाई: सहकुटुंब चढाईचा हिशेब

कळसूबाईची उंची 1646 मीटर, हे शाळेपासून पाठ असतं. सहल ठरवताना मात्र या आकड्याचा फारसा उपयोग नाही. पाहायचं ते पायथ्याचं बारी गाव आणि माथा यांच्या उंचीतलं अंतर. ते साडेआठशे मीटरच्या आसपास भरतं. तीन मीटरचा एक मजला धरला तर हे साधारण 280 मजले झाले, तेही एकाच सकाळी. वाट एका बाजूने सुमारे साडेसहा किलोमीटरची आहे.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा 1892 मधला नियम आजही चालतो. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरायचे आणि दर 600 मीटर चढाईला एक तास वाढवायचा. इथे उत्तर येतं पावणेतीन तास. पण हा हिशेब तंदुरुस्त, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. नऊ वर्षांची मुलगी आणि पासष्टीचे आजोबा सोबत असतील तर दीडपट करा, म्हणजे चार तास. उतरायला तीन, माथ्यावर आणि वाटेतल्या लोखंडी शिड्यांपाशी मिळून एक. एकूण आठ. पहाटे सहाला निघालात तर दोनला खाली. सुट्टीच्या दिवशी शिड्यांवर रांग लागते, तिचा अर्धा-पाऊण तास वेगळा धरा.

शिड्या का लागतात याचं उत्तर दगडात आहे. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला. अखंड, घट्ट बेसाल्टचा थर उभा कडा धरून राहतो. भोकाभोकांचा, ठिसूळ थर लवकर झिजतो आणि तिथे उतार किंवा पठार तयार होतं. म्हणून वाट पायऱ्यापायऱ्यांची आहे: दमवणारा चढ, मग सपाटी, मग कातळटप्पा. विश्रांती सपाटीवरच घ्या, पण पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. घामाने भिजलेलं अंग वाऱ्यात लगेच गार पडतं आणि पाय आखडतात. लोखंडी शिडीवर मूल पुढे आणि मोठं माणूस त्याच्या लगेच खाली. दोन हात आणि दोन पाय यांतलं एका वेळी एकच हलवायचं. शिडीवर थांबून फोटो काढणाऱ्यांना घरूनच तंबी द्या.

आता शरीराचं गणित. साठ किलोचा माणूस 850 मीटर वर नेण्याचं काम भरतं सुमारे 120 किलोकॅलरी. म्हणजे दोन छोट्या केळ्यांहून कमीच! पण स्नायू खाल्लेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाव भागाचं काम करतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे 480 खर्च होतात आणि त्यातल्या 360 अंगातून बाहेर टाकाव्या लागतात. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर 580 किलोकॅलरी घेऊन जातो. नुसत्या चढाच्या उष्णतेसाठी सहाशे मिलिलिटर घाम लागतो, आणि जो टपकून वाया जातो तो वेगळा. मोठ्यांना तीन लिटर, मुलांना दोन लिटर पाणी यासाठीच. सगळं साधं पाणी नको. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक बाटली प्रत्येकाची असू द्या. जेवण एकदम नको. तासाला मूठभर शेंगदाणे-गूळ, खजूर किंवा राजगिऱ्याची वडी. वाटेत गावकऱ्यांकडे ताक-सरबत मिळतं, पण त्याच्या भरवशावर रिकामी बाटली घेऊन चढू नका.

माथ्यावर हवा पायथ्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असते, वर वारा. मुलांच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ती मोठ्यांआधी गारठतात. मंदिरापाशी पोचताच ओला बनियन बदलायचा, देवीचं दर्शन नंतर. जीन्स घरी ठेवा; भिजली की जड होते आणि वाळत नाही. विरळ हवेची भीती मात्र बाळगू नका, उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो.

खरी परीक्षा उतरताना असते, आणि बहुतेक घरं तयारी करतात ती चढायची. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन रोखून धरतात. या कामात स्नायूंचे बारीक तंतू फाटतात, मांड्या थरथरू लागतात आणि दमलेला पाय घसाऱ्यावर सुटतो. डिसेंबरात सुकलेल्या मुरमाचे खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात. पावसाळ्यात कातळावर शेवाळ. पाऊल छोटं टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाच आपटू नका. बुटाची नाडी माथ्यावर घोट्यापाशी पुन्हा आवळा, नाहीतर बोटं पुढे जाऊन नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापलेली बरी. टाचेला कुठे चुरचुरलं तर फोड येण्याची वाट न बघता तिथेच चिकटपट्टी लावा.

तयारीही उतरायचीच करा. एकदा असा भार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच भार कमी दुखत सोसतो. सहलीच्या दोन आठवडे आधी इमारतीचे वीस-पंचवीस मजले पायी उतरा. वर जायला लिफ्ट वापरली तरी चालेल, खाली येताना नाही. पुणेकरांना पर्वतीच्या 103 पायऱ्या आहेतच, आठ-दहा फेऱ्या पुरेत.

परत फिरण्याची वेळ घरीच ठरवा: साडेअकरा. तेव्हा शेवटच्या शिडीखाली असलात तरी फिरायचं. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तरीही प्रत्येकाकडे टॉर्च हवा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात दुपारी ढग गडगडू लागले तर वेळ न बघता लोखंडी शिड्यांपासून दूर, खाली यायचं.

आणि जायचं शनिवारी. मांड्यांचं दुखणं चोवीस तासांनंतर चढतं, बहात्तर तासांपर्यंत टिकतं. रविवारी गेलात तर सोमवारी संध्याकाळी जिना उलटा, कठडा धरून उतरायची वेळ येते.