कोलोनोस्कोपी नॉर्मल, तरी दावा खरा: आयबीएस आणि अमेरिकी माजी सैनिकांची अपिलं

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजेच आयबीएस असलेल्या माणसाची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केली तर आतड्याचं अस्तर बहुधा निरोगी दिसतं. रक्ताचे अहवालही नॉर्मल येतात. बिघाड आतड्याच्या रचनेत नसतो, कामात असतो. आतड्याच्या भिंतीतल्या नसा इतक्या हळव्या झालेल्या असतात की एरवी जाणवलाही नसता एवढा वायूचा ताण कळ बनून मेंदूपर्यंत पोहोचतो. आतड्याच्या हालचालींची लयही बिघडते, म्हणून कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्व भत्त्याचे दावे याच ठिकाणी अडखळतात, कारण दावा तपासणाऱ्याला अहवालात काहीतरी सापडलेलं हवं असतं.

सैनिक आणि हा आजार यांचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. 1990-91 मध्ये सौदी अरेबियात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांना निदान एकदा तरी जुलाब झाल्याचं आढळलं होतं. त्यामागे मुख्यतः ई. कोलाय आणि शिगेला हे जंतू होते. अशा संसर्गातून बरं झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस जडतो. जंतू निघून जातो, नसांचा हळवेपणा मात्र मागे राहतो. त्यात युद्धभूमीवरचा दीर्घ ताण असतोच.

कायद्याने याची दखल घेतली आहे. 2 ऑगस्ट 1990 नंतर इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि आसपासच्या ठरावीक प्रदेशात सेवा केलेल्यांना आयबीएस झाला आणि तो सहा महिने टिकला, तर तो सेवेमुळेच झाला असं व्हीए, म्हणजे माजी सैनिक खातं, गृहीत धरतं. 2022 च्या पॅक्ट कायद्याने अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन, इजिप्त, इस्रायल आणि तुर्कस्तान हे देशही या यादीत घातले. आजार ठरावीक मुदतीच्या आत दिसायला हवा आणि त्यातून किमान 10 टक्के अपंगत्व आलेलं हवं, ही जुनी अटही त्याच कायद्याने काढून टाकली. अशा सैनिकाला ‘हा आजार सेवेमुळे झाला’ असं डॉक्टरकडून लिहून आणावं लागत नाही. आणि घोळ होतो तो इथेच! तपासणारा डॉक्टर सवयीने लिहितो, ‘कारण अज्ञात, सबब सेवेशी संबंध संभवत नाही’, आणि दावा फेटाळला जातो. मुळात कारण सांगता न येणाऱ्या आजारांसाठीच ही तरतूद आहे. अपील करताना निकालात पहिल्यांदा हे ‘कारण अज्ञात’चं वाक्य शोधावं.

या प्रदेशांत सेवा न केलेल्यांचा रस्ता लांबचा आहे. सेवाकाळातल्या पोटाच्या तक्रारीची नोंद किंवा मंजूर झालेला पीटीएसडीसारखा (जबर आघातानंतर जडणारा मानसिक विकार) आजार, आणि त्याच्याशी आयबीएसचा संबंध ‘असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे’ असं कारणांसह सांगणारं वैद्यकीय मत त्यांना लागतं.

दावा मान्य झाल्यावर भांडण टक्क्यांवर येतं. पूर्वी ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असे मोघम शब्द होते. 19 मे 2024 पासून दिवस मोजले जातात. गेल्या तीन महिन्यांत शौचाशी निगडित पोटदुखी आठवड्याला किमान एक दिवस असेल तर 30 टक्के, महिन्याला किमान तीन दिवस असेल तर 20, आणि तीन महिन्यांत एकदा तरी झाली असेल तर 10. शिवाय सहांपैकी दोन लक्षणं हवीत: शौचाच्या वेळांत बदल, मळाच्या स्वरूपात बदल, कुंथावं लागणं किंवा घाईची लागणं, आव पडणं, पोटफुगी, पोट ताणल्याची जाणीव. ‘आठवड्याला एक दिवस, गेले तीन महिने’ हे माप पोटविकारतज्ज्ञ वापरतात त्या 2016 च्या रोम निकषांशी जुळतं. 2025 च्या दरांप्रमाणे, ज्याच्यावर घरचं कुणी अवलंबून नाही अशा सैनिकाला 10 टक्क्यांना महिना 175.51 डॉलर मिळत होते आणि 30 टक्क्यांना 537.42 डॉलर. तपासणीत ‘किती वेळा दुखतं?’ याला ‘अधूनमधून’ असं उत्तर दिलं तर ते कुठल्याच मापात नीट बसत नाही.

म्हणून सलग तेरा आठवड्यांची नोंदवही ठेवावी. तारीख, कळ शौचाआधी आली की नंतर, ब्रिस्टल मापावर मळाचा प्रकार (1 म्हणजे खडे, 7 म्हणजे पाणी), घाई किंवा कुंथणं, पोटफुगी, बुडालेलं काम. दुखलं नाही तो दिवसही लिहावा. रोज एकसारखी वेदना दाखवणारी वही संशय ओढवते. जोडीदाराने किंवा सहकाऱ्याने काय पाहिलं, ते 21-10210 या फॉर्मवर देता येतं.

निकाल विरोधात गेला तर एका वर्षात तीनपैकी एक वाट धरायची. नवा आणि संबंधित पुरावा हाती असेल तर 20-0995 हा फॉर्म भरून पुरवणी दावा. वर सांगितलेल्या ‘कारण अज्ञात’सारखी चूक असेल तर 20-0996 भरून वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, इथे नवा कागद चालत नाही, त्यामुळे नोंदवही जोडायची असेल तर ही वाट निरुपयोगी. तिसरी वाट अपील मंडळाची, फॉर्म 10182. तिथे पुराव्याचा पर्याय निवडल्यास कागद जोडायला 90 दिवस मिळतात. वर्ष उलटलं तरी पुरवणी दावा करता येतो, पण मूळ दाव्याच्या तारखेपासूनची थकबाकी सहसा हातची जाते.

जुने निकाल चाळताना आणखी एक गोष्ट पाहावी. पूर्वी छातीत जळजळ करणारा अ‍ॅसिड रिफ्लक्स आणि आयबीएस यांना मिळून एकच टक्केवारी मिळायची. मे 2024 पासून रिफ्लक्सला 7206 हा स्वतंत्र संकेतांक आहे आणि आयबीएसचा 7319. दोन्ही वेगळे मोजता येतात. मात्र जुन्या निकालातला आकडा आपोआप बदलत नाही, त्यासाठी वाढीचा दावा स्वतःहून करावा लागतो.